डोक्याची दुखापत : कारणे, स्वरूप आणि प्रतिबंध

अपघाती मृत्यूची वार्ता आली की 'त्याची वेळच भरली होती' असे उद्गार आपल्याकडे सहज निघतात. शोकाच्या क्षणी ते स्वाभाविकही आहेत. परंतु अनेक रुग्णांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यास डोक्याची दुखापत कोणाला, कोठे व कशामुळे होते, याचा ठळक क्रम दिसतो. ज्याला क्रम आहे, त्याला आळाही घालता येतो.

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा त्या एका वर्षात अंत झाला आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. या दुर्दैवी लोकांत मोठा भाग कमावत्या वयाच्या पुरुषांचा असतो. म्हणजे एका आघाताने संपूर्ण कुटुंबाचा आधार जातो.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला आपला संग्रामपूर तालुका शेतीप्रधान आहे. येथे धोका केवळ रस्त्यावर नसतो. झाडावरून, गच्चीवरून, विहिरीच्या काठावरून किंवा कापसाने भरलेल्या गाडीवरून पडणे, ही खेड्यातील नेहमीची कारणे होत. लहान मुले व वृद्ध यांच्यात पडण्याचे प्रमाण अधिक. रस्त्यांवर अंधारात दिवा नसलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली दुचाकीस्वाराला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. शेगावी पायी निघालेल्या वारकऱ्यांनाही रात्रीच्या वेळी हाच धोका असतो.

कवटी कठीण असली तरी आतील मेंदू अतिशय मृदू असतो. वेगातील डोके एकाएकी थांबले की मेंदू आतल्या आत आदळतो, पिळवटतो आणि रक्तवाहिन्या फाटतात. हेल्मेटचा आतील जाड थर स्वतः दबून हा धक्का शोषून घेतो. टी. ई. लॉरेन्स या प्रसिद्ध ब्रिटिश अधिकाऱ्याचा १९३५ साली मोटारसायकल अपघातात मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक, शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटची उपयुक्तता मांडली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. मात्र पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला हवा. कायद्यानुसार मागे बसणाऱ्यासही आणि चार वर्षांवरील मुलासही हेल्मेट सक्तीचे आहे.

पहिला आघात होऊन गेल्यावर दुसरा सुरू होतो. रक्तस्राव, सूज व प्राणवायूची कमतरता यांमुळे वाचलेला मेंदूही हळूहळू निकामी होऊ लागतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडील रुग्णास दूरच्या मोठ्या शहरी न्यावे लागते. म्हणूनच घटनास्थळी उपस्थित असलेल्यांचे वर्तन निर्णायक ठरते. रुग्णाची मान हलू देऊ नये. वांती होत असल्यास मान व पाठ सरळ रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. तोंडात पाणी घालू नये; झटके आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा.

शुद्धीवर असलेला रुग्णही सुरक्षित आहे असे समजू नये. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, हातापायात अशक्तपणा, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता तज्ज्ञांकडे न्यावे. 'प्यालेला आहे, झोपू द्या' हा समज अनेकदा जिवावर बेततो. वृद्धांमध्ये किरकोळ पडण्यानंतरही कित्येक आठवड्यांनी मेंदूभोवती रक्त साचल्याचे आढळते. आजोबांचे विसरणे अचानक वाढले, चालताना तोल जाऊ लागला, तर ते केवळ वय झाल्याचे लक्षण मानू नये.

पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने अनेक जण जखमीस हात लावत नाहीत. ही भीती आता अनाठायी आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने निःस्वार्थ मदत करणाऱ्यास संरक्षण दिले असून, त्याच्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. २०२५ साली केंद्र शासनाने जाहीर केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचारांची तरतूद आहे.

शस्त्रक्रियेनंतरही स्मृती, बोलणे व हातापायांची हालचाल परत मिळवण्यास कुटुंबाला महिनोन्‌महिने झटावे लागते. त्या तुलनेत प्रतिबंधाचा खर्च अत्यल्प आहे. बैलगाडीला व ट्रॉलीला मागून चमकणारी पट्टी, गच्चीला कठडा, विहिरीला तोंडी आणि घरातील प्रत्येक स्वारासाठी प्रमाणित हेल्मेट, एवढ्या गोष्टी गावोगावी झाल्या तरी अनेक घरे सावरलेली राहतील. दानशूर हितचिंतकांनी रुग्णशय्येइतकेच या साध्या साधनांकडेही लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.