राहुल्याची जमीन गेली, आमची होती कुठे?

गेवराई तालुक्यातील चकलांबा हे आमच्या येण्या-जाण्यातले गाव. जयंतीच्या मिरवणुकीला आम्ही तेथे होतो. त्रिशरण-पंचशील झाले, भीमगीते झाली, आणि रात्र चढली तशी डीजेवाल्याने 'मुळशी पॅटर्न'मधले 'अराररा' लावले. तोवर मागे रेंगाळणारी पंधरा-वीस वर्षांची पोरे एकदम पुढे आली. एकाने डोक्याला रुमाल आवळला, दुसऱ्याने बोटांचे पिस्तूल करून आभाळाकडे रोखले. मागे ट्रॅक्टरवर बाबासाहेबांची प्रतिमा आणि पुढे हा नाच. गाणे बंद करा, असे आम्ही म्हणालो नाही. तसे म्हणणारे वडीलधारे दरवर्षी असतात आणि गाणेही दरवर्षी वाजतेच.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यातलाच एक भेटला. आई-बाप दिवाळीनंतर कोयत्यावर जातात, हा आजोबांपाशी राहून बारावी करतो.

"जय भीम, काका. रात्री राग आला का तुम्हाला?"

"राग नाही रे. तो पिक्चर पुरता पाहिलास का?"

"चार-पाच डाव पाह्यला, मोबाईलवर. राहुल्या आपल्यासारखाच हाय, काका. गरिबाचं पोरगं. त्याला कुणी इचारत नव्हतं, मग त्यानं इचारायला लावलं."

"राहुल्याच्या बापाकडे आधी काय होतं?"

"जमीन व्हती."

"आणि तुझ्या आजोबांकडे?"

पोराने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि काही बोलला नाही. त्या न बोलण्यामुळे आम्ही घरी येऊन तो चित्रपट पुन्हा पाहिला.

प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २३ नोव्हेंबर २०१८ रोजी आला. पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्यातला सखा पाटील जमीन विकतो. आलेला पैसा चैनीत उडतो. मग आपल्याच विकलेल्या जमिनीवर वॉचमन होण्याची पाळी त्याच्यावर येते. तेथेही मान राहत नाही, तेव्हा कुटुंब पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीला येते. त्याचा मुलगा राहुल्या तेथून गुंडांच्या टोळीत शिरतो, भाई होतो आणि शेवट रक्तात होतो. खलनायक जन्मत नाही, तो घडवला जातो, हे सांगणाऱ्या चित्रपटांची लाट जगभर आहे. हॉलीवूडने २०१९ साली 'जोकर' आणला. २०२१ साली 'क्रुएला' आणला, म्हणजे कुत्र्यांच्या पिलांची कातडी मागणाऱ्या जुन्या कार्टूनमधल्या बाईलासुद्धा दुःखी बालपण मिळाले. 'मुळशी पॅटर्न' त्याच जातीचा चित्रपट आहे, मात्र त्याची माती आपली आहे.

त्याचे मोठेपण आधी सांगितले पाहिजे, कारण ते खरे आहे. 'जोकर'चे मूळ आजारात आणि शहराच्या निष्ठुरपणात शोधले आहे. 'क्रुएला'चे मूळ आईच्या मृत्यूत आहे. तरडे यांनी ते सातबाऱ्यात शोधले. गुंडगिरी ही मनाची विकृती नसून जमिनीच्या व्यवहारातून निघालेली गोष्ट आहे, हे मराठी पडद्यावर इतक्या थेटपणे क्वचितच कोणी मांडले असेल. ज्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापट टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांना घेऊन उभे राहिले, त्याच तालुक्यात पुढे हिंजवडीची आयटी नगरी उभी राहिली. धरणाने घेतलेली जमीन आणि नोटांनी घेतलेली जमीन यांत फरक एवढाच की दुसऱ्या वेळी लढा झाला नाही, गुलाल उधळला गेला. मोहन जोशींनी केलेला सखा पाटील हा या चित्रपटाचा कणा आहे. हा माणूस रडून सहानुभूती मागत नाही. चूक आपली आहे हे त्याला कळते आणि ते कळणेच त्याला खाते. ओम भूतकरचा राहुल्यासुद्धा देखणा भाई नाही. त्याच्या डोळ्यांत सतत अपमान साठलेला असतो.

पण येथेच आमच्या पोराचे न दिलेले उत्तर आडवे येते. सखा पाटलाची जमीन सखा पाटील एकटा कसत होता काय? मुळशीच्या गावकुसाबाहेर कोण राहत होते? जमीन विकली गेली तेव्हा पाटलाला निदान पैसे मिळाले, गाडी मिळाली, वर्षभराचा थाट मिळाला. त्याच शेतात मजुरी करणाऱ्याला काय मिळाले? जमीन गेल्याने पाटील हमाल झाला, ही शोकांतिका. आणि पिढ्यान् पिढ्या ज्याला जमीनच नव्हती तो हमालच राहिला, ती मात्र शोकांतिका नाही. ती नुसती पार्श्वभूमी. त्याला संवाद नाही, गाणे नाही, सूड नाही. पुण्याच्या भोवती विकली गेली ती काय फक्त पाटलांची जमीन? महार वतनाच्या जमिनींसाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, पण त्या जमिनी कोणाच्या हाती कशा गेल्या याचा चित्रपट अजून कोणी काढलेला नाही. मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ साली राज्यभर गाजला, तेव्हा तरुण पोरांना 'महार वतन' म्हणजे काय हे पहिल्यांदा कळले. मुळशी पॅटर्न तेथेही आहे. फक्त त्याला राहुल्या नाही.

पूर्वकथा कोणाला मिळते, हा खरा प्रश्न आहे. पडद्यावरचा भाई मारायला उठला की चित्रपट थांबतो, मागे जातो, त्याचे बालपण दाखवतो, त्याच्या बापाचा अपमान दाखवतो. प्रेक्षक मनातल्या मनात त्याला माफ करतो. आता कोठेही चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर जाते. तेथे कोणी मागे जात नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, नजर गेली नाही. पारध्याच्या पोराला पूर्वकथेची गरजच नाही, कारण त्याचा जन्म हीच त्याची पूर्वकथा आहे, असे या व्यवस्थेने आधीच लिहून ठेवले आहे. आमच्याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. राक्षस म्हणजे मूळचे रक्षक, त्यांना बदनाम करून राक्षस केले, असे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त लिहिले. खलनायकाची दुसरी बाजू सांगण्याची विद्या आपण हॉलीवूडकडून शिकलेलो नाही.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आठवा. २०१४ साली तो चित्रपटगृहांत आला. कैकाडी कुटुंबातला जब्या, ज्याला सगळे गाव डुकरामागे पळताना पाहून हसते, तो शेवटी दगड उचलतो आणि फेकतो. चित्रपट तेथेच संपतो. तरडे यांच्या हातात तोच जब्या असता तर तेथून मध्यंतर झाले असते. मंजुळे त्याला भाई होऊ देत नाहीत, तो दगड आपल्याकडे येताना दाखवतात. म्हणून 'फँड्री' पाहून कोणी बोटांचे पिस्तूल करून नाचले नाही.

'मुळशी पॅटर्न'चा दुसरा दोष त्याच्या यशातच आहे. शेवट वाईट दाखवला म्हणजे बोध झाला, हा आपल्या सिनेमावाल्यांचा जुना समज. दोन तास भाईचा रुबाब आणि शेवटची पाच मिनिटे त्याचे मरण. पोरे दोन तास घरी नेतात. 'अराररा' गाणारा गळा आदर्श शिंदेचा, म्हणजे प्रल्हाद शिंदेंच्या घरातला. मग ते आमच्या मिरवणुकीत शिरायला वेळ कशाला लागतो? बायकांविषयी तर बोलायलाच नको. त्यांनी रडायचे आणि वाट पाहायची. २०२१ साली महेश मांजरेकरांनी याच कथेवर हिंदीत 'अंतिम' केला, तेव्हा सलमान खानसाठी पोलीस अधिकाऱ्यालाच मोठे करावे लागले आणि जमीन मागे पडली. असो.

बीड जिल्ह्यात हा विषय करमणुकीचा राहिलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. त्याआधी पवनऊर्जा प्रकल्पावरील एका दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली होती आणि सरपंच त्यात मध्ये पडले होते, असे पुढे आले. चित्रपटात वॉचमन झालेल्या पाटलासाठी आपण हळहळतो. मस्साजोगच्या त्या वॉचमनची पूर्वकथा कोणी विचारली? आणि कोयता! आमच्या बीडमध्ये ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. त्या कोयत्यावर उचल मिळते आणि साखर कारखाने चालतात. पुण्यात मात्र 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. ज्याचे आई-बाप कोयता आहेत, ते पोर मोबाईलवर दुसराच कोयता पाहत बसते.

मग खलनायकाची पूर्वकथा सांगूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाला जागा दिली आहे. सुत्तात त्याचे बालपण येतच नाही. तो हुशार विद्यार्थी होता, सहाध्यायांच्या मत्सराने आणि गुरूच्या आज्ञेने बोटे तोडणारा झाला, ही कथा नंतर अट्ठकथेने जोडली. सुत्ताला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. भगवान बुद्ध त्याला मारत नाहीत, राजा पसेनदीच्या हवालीही करत नाहीत. पण तो भिक्खू होऊन श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोक दगड मारतात, डोके फुटते, भिक्षापात्र फुटते, चीवर फाटते. हे सहन कर, असे बुद्ध त्याला सांगतात. ज्यांची माणसे मेली त्यांचा राग सुत्त पुसून टाकत नाही. राहुल्याने ज्यांना मारले त्यांच्या घरी 'मुळशी पॅटर्न'चा कॅमेरा किती वेळ थांबतो, हे वाचकांनी एकदा पाहावे.

हे सारे त्या पोराला फोनवर सांगायचे म्हणजे भाषण झाले असते. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की आजोबांना विचार, त्यांच्याकडे काय होते. भूमिहीनांचा सत्याग्रह १९६४ च्या ६ डिसेंबरला सुरू झाला तेव्हा मराठवाडाही त्यात होता, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली काढला, एवढे मात्र सांगून ठेवले.

चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"काका, आजा म्हणतो, गायरानात अडीच एकर कसत व्हतो. बाजरी निघायची. तलाठी दरसाल दंड करायचा. त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत हायेत."

"किती सालापासूनच्या?"

"सगळ्यात जुनी फाटलीया, साल दिसत नाही. त्याच्या वरची १९८६ ची हाय. आजा म्हणतो, २०२२ ला हायकोर्टाच्या आदेशावर गायरानाच्या नोटिसा निघाल्या, तवा बी हीच पेटी उघडली व्हती."

"एक-ई च्या नोंदवहीत नाव आहे का, ते विचार. अतिक्रमणाची नोंद तिथेच असते."

"ते कुठं मिळंल?"

"तलाठ्याकडे. आजोबांना बरोबर घेऊन जा आणि पावत्यांच्या झेरॉक्स काढून ने, मूळ कागद देऊ नकोस."

"सोमवारी जातो, काका. जय भीम."