पाच कप आणि माझं नाक

आमच्या घरी चहाचे दोनच प्रकार. फक्कड आणि पांचट. तिसरा प्रकार कुणी ऐकलेला नाही. त्यामुळे गेल्या रविवारी माझ्या रूममेटनं ओट्यावर पाच कप मांडले आणि ‘चल, यातल्या नोट्स ओळख’ म्हणाली, तेव्हा मी आधी हसले. नोट्स? त्या तर परीक्षेच्या आदल्या दिवशी झेरॉक्स करायच्या असतात!

हसले खरी, पण पोटात गोळा आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोव्हिड झाला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. काही महिन्यांनी ‘आला परत, एकदम ओके’ असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. आईला तर सगळ्यात आधी. खरं म्हणजे काही वास आले, काही आलेच नाहीत. मागच्या महिन्यात गॅसवर दूध करपून कोळसा झालं आणि मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर ढिम्म. रूममेट बाहेरून आली म्हणून निभावलं. तेव्हा ती काही बोलली नाही. आता हे पाच कप!

नियम साधे होते. सगळे काळे चहा, दूध-साखर बंद. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि घड्याळ लावून सहा मिनिटं. चहा तपासण्यासाठी आयएसओचं जे मानक आहे, त्याचा हाच फंडा. आणि प्यायचं कसं? चक्क सुर्रकन, आवाज करत! चहाचे फवारे हवेबरोबर तोंडभर उडतात आणि सुगंध घशामागून नाकात चढतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं, बाकीची सगळी ऐट नाकाची. म्हणजे माझी पंचाईत.

कप पहिला. ‘लिंबू?’ मी चाचरत म्हटलं. ‘अर्धे मार्क.’ तो होता अर्ल ग्रे. त्यात बर्गमॉटच्या सालीचं तेल असतं. लिंबू-संत्र्याच्या खानदानातलं हे फळ मुख्यतः दक्षिण इटलीतल्या कालाब्रियात पिकतं. चहाला नाव मिळालं ते १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या चार्ल्स ग्रे यांचं.

कप दुसरा. ‘तू साखर घातलीस!’ मी ओरडले. कणभरही नव्हती. होता तो व्हॅनिला. केक, आइस्क्रीम, कस्टर्ड... आयुष्यभर हा वास गोडाबरोबरच आलेला, म्हणून मेंदू साखर नसतानाही गोड ठरवून मोकळा होतो. नाकानं जिभेला गंडवलं! मी खूश. गंडवायला नाक जागं असावं लागतं ना बॉस.

कप तिसरा. ‘दालचिनी!’ पहिल्या घोटात. ‘आता नाक दाबून पी.’ दाबलं, तरी जिभेवर चुरचुर होतीच. म्हणजे ही दालचिनी बरीचशी तिच्या तिखटपणावरून ओळखली होती, वासावरून नाही. ‘आणि दुसरं काय आहे?’ मी तीन वेळा सुरकले. काही नाही. तिनं बशीखालची चिठ्ठी दाखवली. दालचिनी आणि गुलाब. गुलाब! लग्नात हॉलच्या दाराशी ज्याचं पाणी अंगावर शिंपडतात तो. मला आलाच नाही.

कप चौथा. द्राक्षं, थोडा मध. ‘फ्लेवर भारी आहे!’ ती हसायला लागली. यात कुणी काहीच घातलं नव्हतं. हा दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनमधल्या तोडणीचा चहा. या दिवसांत तुडतुडे कोवळ्या पानांचा रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि त्यातून तो प्रसिद्ध ‘मस्कटेल’ वास येतो. किडीनं खाल्लेल्या पानाला जास्त भाव, मज्जा आहे!

कप पाचवा. कप ओठांशी नेला आणि तोंडातून निघालं, ‘बंब!’ आजोळचा तांब्याचा बंब, ओली लाकडं, आंघोळीची घाई. चिठ्ठीवर होतं, लॅपसांग सूचाँग. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या वुयी डोंगरातला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा.

‘धूर कळतो तुला,’ रूममेट म्हणाली. ‘मग त्या दिवशी दूध?’

‘नाकाशी आणला तर कळतो. दुसऱ्या खोलीतून नाही.’ इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोलले.

सोमवारी ईएनटीकडे गेले. उपाय चहाच्या खेळासारखाच निघाला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास, रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद लक्ष देऊन घ्यायचे. असं निदान बारा आठवडे. वास परत येईलच याची गॅरंटी नाही, पण अनेकांना फायदा होतो. तोवर किचनमध्ये गॅसगळतीचा अलार्म लावलाय. तुमचंही नाक असंच रुसलेलं असेल, तर ‘एकदम ओके’ म्हणू नका. आधी अलार्म लावा आणि मग डॉक्टर गाठा. आणि नाक ठणठणीत असेल तर येत्या रविवारी चार मित्र बोलवा, चिठ्ठ्या बशीखाली दडवा आणि सुरका. ‘ऑरेंज पेको’मध्ये संत्रं शोधू नका फक्त, ती पत्तीची प्रत आहे!

रात्री आईला फोन केला. म्हटलं, ‘आई, मला अजून सगळे वास येत नाहीत गं.’

‘माहितीये,’ ती म्हणाली. ‘दिवाळीचा चिवडा खवट झाला होता. तू दोनदा मागून घेतलास.’