प्रस्ताव का नाकारला जातो?

आपला एखादा हुशार विद्यार्थी सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी अर्ज करतो. काही आठवड्यांनी नकार येतो. 'प्रोग्रॅमिंग हा आपला प्रांत नाही,' असे म्हणून तो संगणकापासूनच दूर जातो. पण नकाराचा अर्थ खरोखर तोच असतो का? जरा तपासून पाहू.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येते, त्याला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण. अशा कामात नवी माणसे यावीत म्हणून गूगल कंपनीने २००५ साली 'समर ऑफ कोड' ही योजना सुरू केली. मुक्तस्रोत संस्था करण्याजोगी कामे जाहीर करतात, अर्जदार प्रस्ताव लिहितो. निवड झाली तर संस्थेतील अनुभवी व्यक्ती मार्गदर्शन करते आणि मानधन गूगल देते. २०२२पासून ही योजना विद्यार्थ्यांखेरीज इतर नवशिक्यांनाही खुली झाली.

पहिल्या वर्षी जागा होत्या २००. प्रस्ताव आले ८,७०० हून अधिक! जागा वाढवून ४१९ केल्या, तरी साधारण वीस प्रस्तावांमागे एकच निवडला गेला. म्हणजे नकाराचे पहिले कारण साधे अंकगणित आहे. एकाच कामासाठी दोन उत्तम प्रस्ताव आले, तरी बहुधा एकच घेता येतो.

दुसरे कारण प्रस्तावातच सापडते. मार्गदर्शकाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: काय करायचे ते या मुलाला नेमके कळले आहे का, आणि ते तो पुरे करील का? अर्जात मात्र गुण, बक्षिसे आणि 'मला शिकण्याची आवड आहे' एवढेच असते. समजा, नकाशाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये छपाईच्या वेळी देवनागरी मात्रा जागा सोडतात. 'मी ही अडचण दूर करीन' हे वाक्य कोणीही लिहील. पण 'पडद्यावर मात्रा बरोबर दिसते, छापताना सरकते. म्हणून छपाईचा भाग आधी तपासावा लागेल,' असे लिहिणाऱ्याने काम उघडून पाहिलेले असते.

वेळापत्रकाचेही तसेच. पहिले दोन आठवडे अभ्यास, पुढचे आठ लेखन, शेवटचा चाचणी, असा आराखडा नेहमी दिसतो. चूक शेवटच्या आठवड्यात सापडली तर सुधारणार केव्हा? कामाचे छोटे टप्पे पाडून प्रत्येकाची चाचणी लगेच घेतली, तर हा धोका टळतो.

तिसरे कारण अपरिचय. अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी आलेल्या अनोळखी अर्जापेक्षा, आधीच एखादी लहान चूक दुरुस्त करून दिलेल्या मुलावर मार्गदर्शकाचा विश्वास सहज बसतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीबद्दल लोकांच्या सूचना मागवल्या, तेव्हा एप्रिलपासून तिचे काम चालू होते. त्याच प्रणालीचे पुढे लिनक्स झाले.

आपल्या विद्यार्थ्याला नकार आलाच, तर त्याचा प्रस्ताव त्याच्याबरोबर बसून वाचावा. 'मी' बद्दलची वाक्ये किती आणि कामाबद्दलची किती, हे त्यालाच मोजू द्यावे. मग त्याच सॉफ्टवेअरमधील एक लहानशी चूक शोधायला सांगावी. त्यासाठी कोणाची निवड व्हावी लागत नाही. आज्ञावली सर्वांना खुलीच असते.