‘कुकुरुकुकू पालोमा’ : मेक्सिकोचे विरहगीत

मेक्सिकोचे गीतकार तोमास मेंदेस यांनी १९५४ साली रचलेल्या या स्पॅनिश गीतात, प्रेयसीच्या ध्यासाने अन्न टाकून केवळ मद्यावर रात्री कंठणारा, रडता रडता मरणकाळीही तिलाच हाका मारणारा एक प्रेमिक आहे. आणि पुढे भल्या पहाटे त्याच्या ओसाड घरापाशी येऊन घुमणारा उदास कपोत म्हणजे तिची अद्याप प्रतीक्षा करणारा खुद्द त्याचा आत्माच, असे लोक शपथेवर सांगतात. त्या घुमण्याचे अनुकरण करताना गायकाचा कंठ नैसर्गिक स्वर सोडून एकाएकी पातळ, उंच स्वरात चढतो, आणि गीताची सारी व्याकुळता तेथेच एकवटते. रसिकांनी प्रथम लोला बेल्त्रान यांचे खणखणीत गायन, व नंतर दिग्दर्शक आल्मोदोवार यांच्या २००२ च्या ‘आब्ले कोन एया’ चित्रपटातील कायतानो वेलोझो यांचे हळुवार गायन अवश्य ऐकावे, ही आग्रहाची शिफारस.