पॉलिप टिपणारा हिरवा चौकोन

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवणाऱ्या मांसल फुगवट्याला पॉलिप म्हणतात. काही पॉलिप देठावर लोंबतात, काही अस्तराला चिकटून इतके चपटे पसरतात की शेजारच्या निरोगी भागातून ते वेगळे ओळखणे कठीण जाते. बहुतेक पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. ॲडिनोमा या प्रकारातील काहींचा मात्र पुढे कर्करोग होतो. या बदलाला साधारण दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि तेवढ्या अवधीत पॉलिप काढून टाकला तर कर्करोग टळतो. २०२२ साली जगभरात सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाला आणि सुमारे नऊ लाख लोक त्याने दगावले. पॉलिप वेळेत सापडण्याचे मोल त्यावरून कळते.

पॉलिप शोधण्याचे मुख्य साधन म्हणजे कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप कापून काढला आणि त्यासाठी पोट उघडण्याची गरज संपली. आजची पद्धतही मुळात तीच आहे. रुग्ण आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन आतडे साफ करतो. गुदद्वारातून आत घातलेली लवचीक नळी सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्याच्या पार सुरुवातीपर्यंत नेली जाते. खरी पाहणी होते ती नळी मागे घेताना, आणि त्यासाठी किमान सहा मिनिटे द्यावीत असा दंडक आहे.

या मिनिटांत डॉक्टरांचे डोळे पडद्यावर खिळलेले असतात, तरीही पॉलिप निसटतात. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी करून झालेल्या अभ्यासांच्या २००६ मधील एकत्रित आढाव्यात पहिल्या फेरीत सुमारे २२ टक्के पॉलिप हुकल्याचे दिसले. हुकलेल्यांत लहान पॉलिप जास्त होते. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या ॲडिनोमांत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. डॉक्टराडॉक्टरांतही मोठा फरक पडतो. शंभर तपासण्यांपैकी किती रुग्णांत किमान एक ॲडिनोमा सापडला, याला ॲडिनोमा शोधदर म्हणतात. अमेरिकेत १३६ डॉक्टरांनी केलेल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा दर ७.४ पासून ५२.५ टक्क्यांपर्यंत आढळला. दर एका टक्क्याने जास्त असलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवण्याचा धोका ३ टक्क्यांनी कमी होता.

पॉलिप दोन कारणांनी हुकतो. आतड्याच्या घडीमागे किंवा उरलेल्या मळाखाली दडलेला पॉलिप पडद्यावर येतच नाही. दुसरा पडद्यावर येतो, पण थकलेल्या किंवा क्षणभर दुसरीकडे वळलेल्या नजरेला जाणवत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत होते ती या दुसऱ्या प्रकारात.

या संगणकप्रणालीला शिकवण्यासाठी कोलोनोस्कोपीची असंख्य चित्रे वापरतात. प्रत्येक चित्रात पॉलिप नेमका कुठे आहे, हे तज्ज्ञांनी आधी आखून दिलेले असते. ती पाहत पाहत प्रणालीतील न्यूरल नेटवर्क पॉलिपचा उंचवटा, रंग आणि पृष्ठभागाची नक्षी ओळखायला शिकते. प्रत्यक्ष तपासणीत दुर्बिणीचे चित्र पडद्याकडे जाताना या यंत्रातून जाते. सेकंदाला येणारी डझनावारी चित्रे तिथल्या तिथे वाचली जातात आणि संशयास्पद जागेभोवती चौकोन उमटतो. जीआय जीनियस या यंत्रात तो हिरवा असतो. चौकोन दिसला की डॉक्टर नळी थांबवतात, पाण्याची धार मारून जागा धुतात, कोन बदलून पुन्हा पाहतात आणि मगच निर्णय घेतात. पुष्कळदा तिथे नुसती घडी, बुडबुडा किंवा मळाचा कण निघतो. इटलीतील एका पाहणीत दर तपासणीमागे असे सरासरी सुमारे २७ चुकीचे इशारे मोजले गेले. त्यांतले बहुतेक क्षणार्धात सोडून देता येतात.

अशा यंत्रांच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांपैकी एक चीनमधील चेंगडू येथे झाली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १,०५८ रुग्णांच्या त्या चाचणीत शोधदर २०.३ वरून २९.१ टक्क्यांवर गेला. पुढच्या वर्षी इटलीत ६८५ रुग्णांवरील चाचणीत तो ४०.४ ऐवजी ५४.८ टक्के आढळला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये जीआय जीनियसला परवानगी दिली. या जातीच्या यंत्राला तिथे मिळालेली ती पहिली परवानगी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लागोपाठ दोन तपासण्यांच्या चाचणीत हुकणाऱ्या ॲडिनोमांचे प्रमाण ३२.४ वरून १५.५ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर आले.

शोधून झाल्यावर प्रश्न येतो ओळखीचा. सापडलेला पॉलिप ॲडिनोमा आहे की निरुपद्रवी, हे आजवर तो कापून प्रयोगशाळेत तपासल्यावरच ठरत आले आहे. जपानमध्ये २०१८ मध्ये मान्यता मिळालेली एंडोब्रेन ही प्रणाली, सुमारे ५२० पट मोठे करून दाखवणाऱ्या विशेष दुर्बिणीतील पेशींचे चित्र वाचून, हा अंदाज तपासणी सुरू असतानाच देते. तो भरवशाचा ठरला तर निरुपद्रवी पॉलिप जागीच सोडून देता येतील.

पॉलिप शोधणाऱ्या यंत्राच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. यंत्रामुळे जास्त सापडणारे पॉलिप मुख्यतः लहान असतात. त्यांतल्या पुष्कळांचा कधीच कर्करोग होणार नसतो, पण ते काढावे लागतात आणि रुग्णाला पुढच्या तपासण्यांचे हेलपाटे पडतात. कर्करोगाने होणारे मृत्यू यंत्रामुळे कमी झाले, असे दाखवणारा दीर्घकाळचा पुरावा अजून नाही. याच कारणांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२५ मध्ये आलेल्या तज्ज्ञगटाच्या शिफारशीने सरसकट वापराविरुद्ध, सौम्य शब्दांत, मत दिले. त्याच वर्षी पोलंडमधील चार केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे यंत्र रोजच्या वापरात आल्यानंतर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांतील अनुभवी डॉक्टरांचा शोधदर २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर घसरलेला आढळला. इशाऱ्याची सवय लागली की स्वतःची नजर सैल पडते, अशी भीती त्यातून पुढे आली.

यंत्र फक्त पडद्यावरचे चित्र वाचते. ते चित्र पडद्यावर आणण्याचे काम मात्र डॉक्टरांच्या हाताचे आणि जुलाबाचे औषध नीट घेणाऱ्या रुग्णाचे आहे. घडी उलगडली नाही, मळ धुतला नाही, नळी घाईने ओढली, तर चौकोन उमटायला जागाच राहत नाही. भारतातील सरकारी कर्करोग चाचणी कार्यक्रमाचा भर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आहे. त्यामुळे इथे कोलोनोस्कोपी बहुधा तक्रार उद्भवल्यावरच होते. शौचावाटे रक्त पडू लागले की मूळव्याध समजून घरगुती उपायांवर महिने काढणे सर्रास चालते. अशा वेळी पहिला उपाय एकच आहे: डॉक्टरांना वेळेत दाखवणे. हिरव्या चौकोनाचा उपयोग त्यानंतर सुरू होतो.