मेंढीचा पाऊस आणि हरणाचा बर्फ

अकोले तालुक्यात निसर्गानं एक नवल मांडून ठेवलंय बघा. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीच्या अंगाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेच ढग डोंगरावर सगळं रितं करून पुढं सरकतात, तेव्हा खुद्द अकोल्याच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. जनावरंही मग मुलखाप्रमाणं. पश्चिमेकडच्या त्या पावसाळी डांगाणातली डांगी गाय घ्या, खूर काळे नि टणक, कातडीतून तेलकट स्राव पाझरणारा. भातखाचरात दिवसभर भिजली तरी पाणी अंगावरून ओघळून जातं. राजूरच्या प्रदर्शनात एखाद्या वळूच्या पाठीवरून हात फिरवून बघा, तळहाताला ओशटपणा लागेल.

दख्खनी मेंढीचं सगळं उलटं. बाभळीच्या शेंगा नि धसकटं खाऊन ती दुष्काळ काढील, पण ओल तिला सोसत नाही. लोकर भिजून जड होते, खुरांच्या बेचकीत चिखल बसून खूर सडतात, आणि पाऊस सरताना चिलटं चावून नीलजिव्हा येते ती वेगळीच. म्हणून धनगरांनी वर्षच पावसाकडं बघून आखलं. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीकडचे मेंढके दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात, वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्यांचं खांड, म्हणजे कळप, बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे घेतात, माळशेज उतरून कोकणातल्या भात कापलेल्या खाचरांत जातात, आणि मिरगाच्या आत घाट चढून माघारी येतात. संध्याकाळी वाड्यावर कोकरं सोडतात ना, ते एकदा बघावंच! दोन-दोनशे मेंढ्यांचा एकच कल्ला, पण प्रत्येक आई शेपटीखाली हुंगून आपलंच लेकरू पाजते, परक्याला डोक्यानं ढकलून देते, आणि घटकाभरात सगळं चिडीचूप.

असेच मेंढके पार उत्तरेला आहेत, सामी लोक. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड नि रशियाचा एक कोपरा, एवढ्या मुलखात ते रेनडिअर राखतात. या हरणाच्या डोळ्याच्या आतला पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या लांबच लांब अंधारात निळा होतो, म्हणजे मिणमिणता उजेडही वाया जाऊ नये. उणे चाळीसची थंडी ते सहज काढतं, कारण भुसभुशीत बर्फ खुरानं उकरला की खाली त्याचा चारा असतो; तो चारा म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांपैकीच एक. पण उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश बाकीच्या जगाच्या जवळजवळ चौपट वेगानं तापतोय, आणि ऐन हिवाळ्यात आता बर्फाऐवजी पाऊस येतो. तो बर्फावर पडून गोठला की वर कडक पापुद्रा धरतो. चारा पायाखाली, वासही येतो, पण खूर आत जात नाही. सायबेरियाच्या यमालमध्ये नेनेत्स मेंढक्यांची २०१३च्या नोव्हेंबरातल्या अशाच पावसानंतर सुमारे ६१,००० हरणं उपाशी मेली. सामी लोकांनाही आता हिवाळ्यात विकतचा चारा घालावा लागतो.

आपल्याकडं त्या हिवाळी पावसाचाच धाकटा भाऊ २०२१च्या डिसेंबरात येऊन गेला. महिन्याच्या पहिल्याच दिवशी आभाळ फाटलं, रात्रभर पाऊस आणि वर बोचरं वारं. कळप उघड्या रानात वाघरीत कोंडलेले, कोकरं लहान. पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या गारठून गेल्या. एरवी जूनमध्ये याहून कितीतरी जास्त पाऊस पडतो, पण तेव्हा मेंढका सावध असतो, कोरडा माळ धरून असतो. सरत्या कार्तिकात असा पाऊस येईल असं त्याच्या बापजाद्यांनी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, आणि भिजलेल्या लोकरीतून वारं फिरलं की मेंढीच्या अंगातली ऊब सकाळपर्यंत पुरत नाही.

हवामान खातं आता दोन-तीन दिवस आधी इशारा देतं आणि बहुतेक मेंढक्यांच्या हातात फोनही आहे. अडतं ते छपरापाशी. डिसेंबरात साठवणीचा कांदा विकून बऱ्याच कांदाचाळी रिकाम्या असतात. बाजूच्या पट्ट्यांना ताडपत्री बांधली की आत खांडातली सगळी कोकरं मावतात. रानात खांड बसवताना धान्याचं ठरतं, पैशाचं ठरतं, तेव्हाच चाळीचंही ठरवून टाकावं.