निलगिरीच्या जंगलात माणसं राहतात

जीवावरण राखीव क्षेत्र, म्हणजेच बायोस्फिअर रिझर्व्ह म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुंपण, चौकी आणि ‘प्रवेश बंद’ची पाटी येते. निलगिरीत गेलात तर वेगळंच दिसेल. 1986 साली जाहीर झालेलं देशातलं हे पहिलं जीवावरण राखीव क्षेत्र तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक मिळून 5520 चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. पुण्याच्या माधव गाडगीळांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. मुदुमलाई, बंदीपूर, सायलेंट व्हॅली याच हद्दीत येतात आणि चहाचे मळे, आदिवासी पाडे, बाजाराची गावंही. मधला गाभा कडक संरक्षणाखाली असतो. त्याभोवतीच्या बफरमध्ये संशोधन, पर्यटन आणि मर्यादित वापर चालतो. बाहेरच्या संक्रमण क्षेत्रात लोक शेती करतात, धंदा करतात. त्यांनी निसर्गाला धरून नीट जगावं, हेही या योजनेचं उद्दिष्टच आहे.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज म्हणजे जंगलातली माणसं हटवली की जंगल आपोआप सावरतं. निलगिरीचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. इथल्या उंच पठारावर गवताळ कुरणं आणि खोलगट भागात शोला नावाची जंगलं असा जोड आहे. तोडा लोक पिढ्यान्‌पिढ्या या कुरणांवर म्हशी चारत आले. ब्रिटिशांना ही कुरणं पडीक वाटली. त्यांनी वॅटल आणि निलगिरी (युकॅलिप्टस) आणून लावली, आणि स्वातंत्र्यानंतर कातडी कमावण्याचं टॅनिन व कारखान्यांसाठी लगदा मिळावा म्हणून सरकारी लागवड आणखी वाढली. कुरणं गिळली ती या झाडांनी, म्हशींनी नव्हे. झाडं लावली म्हणजे निसर्ग वाढला असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे पठार एकदा पाहावं.

टणटणीचंही तसंच. शोभेसाठी आणलेली ही परदेशी झुडपं आता मुदुमलाई-बंदीपूरच्या रानात इतकी माजली आहेत की खाली गवत उगवत नाही. शेजारच्या बिळिगिरिरंगन टेकड्यांतले सोलिगा आदिवासी सांगतात, की आम्ही पूर्वी हंगामात पालापाचोळ्याला हलकी आग लावायचो, ती बंद झाल्यापासून टणटणी फोफावली. त्यांचं म्हणणं गांभीर्याने ऐकायला हवं, कारण हे रान त्यांच्याइतकं रोज कोणी पाहत नाही. गूडलूर परिसरातले आदिवासी कारागीर याच टणटणीच्या फोका तोडून उकळतात, साल सोलतात आणि लोखंडी सांगाड्यावर वळवून खऱ्या मापाचे हत्ती घडवतात. 2021 मध्ये हे हत्ती लंडनच्या बागांत उभे होते. तण कमी होतं, हाताला काम मिळतं. कडेकपारीत वेलींच्या शिड्या सोडून आग्या मोहोळाचा मध काढणारे कुरुंबा आदिवासीही याच जंगलावर जगतात. पोळी टिकली तरच पुढच्या वर्षी मध मिळणार, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

जीवावरण राखीव क्षेत्र युनेस्कोच्या यादीत गेलं की जमीन परक्यांच्या ताब्यात जाते, अशीही भीती घातली जाते. ती निराधार आहे. मालकी आणि कायदा दोन्ही त्या-त्या देशाचेच राहतात. देश आपली क्षेत्रं मागेही घेऊ शकतो. अमेरिकेने 2017 मध्ये 17 क्षेत्रं काढून घेतली.

महाराष्ट्रात एकही जीवावरण राखीव क्षेत्र नाही. कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही 2012 पासून जागतिक वारसा स्थळं आहेत. तोही युनेस्कोचाच, पण वेगळा दर्जा.

जमीन जाण्याच्या भीतीपेक्षा उलट टोकाचा गैरसमज मला जास्त धोक्याचा वाटतो: एकदा जीवावरण राखीव क्षेत्र हे नाव मिळालं की जंगल सुरक्षित झालं. भारतात जीवावरण राखीव क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला वन्यजीव कायद्याचा आधार असतो, इथल्या बफरला या दर्जामुळे तसा काहीही मिळत नाही. म्हणून खरी लढाई तुकड्या-तुकड्यांत लढावी लागते. बंदीपूरमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद आहे, आणि त्यावरून कर्नाटक व केरळ यांच्यात वाद चालूच आहे. निलगिरीतल्याच सिगूर पठारावर हत्तींच्या वाटेतच रिसॉर्टं उभी राहिली. तमिळनाडूने ती वाट अधिसूचित केली, मालक न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हत्तींच्या बाजूने निकाल दिला.